मुळशीतलं घरचं आंबेमोहोर बियाणं ठेवावं की नाही?

पौडची_पोर:
नमस्कार मंडळी. गाव मुळशीत, मी असते कोथरूडला. काका दरवर्षी एका खाचरात जुना आंबेमोहोर लावतात, बाकी सगळी इंद्रायणी. आता म्हणतायत बास झालं, गरवा (उशिरा पिकणारा) भात, उंच वाढतो, परतीच्या पावसात लोळतो आणि उतारा पण कमी. मला ते बियाणं सोडवत नाहीये. पण इंद्रायणी आंबेमोहोरापासूनच काढलीये ना, मग खरंच एवढा फरक आहे का की आपली नुसती माया? आणि अजून एक, त्या खाचरात भात एकसारखा नसतो, काही लोंब्या आधी पिवळ्या पडतात, काहींना कुसळ असतं. भेसळ समजून उपटायचं का?

बीजबुद्धी:
उपटू नका!! इंद्रायणी म्हणजे आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ या बुटक्या, जास्त उताऱ्याच्या भाताचा संकर, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ ला आली. आयआर-८ चा बुटकेपणा मुळात डी-जिओ-वू-जेन या चिनी वाणातून आलेला. आणि १५७ हीसुद्धा जुन्या आंबेमोहोरातून निवडून शुद्ध केलेली एक जात, म्हणजे गावोगावच्या खाचरांत जे काही होतं त्यातला एक छोटा तुकडाच पुढे गेला. तुमच्या काकांच्या खाचरात बाकीचं काय शिल्लक आहे ते कुणी तपासलंय? गावठी वाण हा एक वाण नसतोच, थोड्या थोड्या वेगळ्या रोपांचा गोतावळा असतो, म्हणून पाऊस लांबला की एखादं तरी तगतं.
वासावर जाऊ नका, बहुतेक सुवासिक तांदळांत त्याचं कारण एकच, बीएडीएच-२ हे जनुक निकामी झालेलं असतं. खरी किंमत न दिसणाऱ्या गुणांची. ओडिशातल्या एका गावठी वाणातून निवडलेल्या एफआर-१३ए मधलं सब-१ जनुक आज स्वर्णा-सब१ या सुधारित भातात आहे, रोप पाण्याखाली दोन आठवडे बुडालं तरी जगतं. तिकडच्या शेतकऱ्याने ते 'उतारा कमी' म्हणून टाकून दिलं असतं तर?

मावळी_खाचर:
ताई, वरचं सगळं बरोबर पण सगळंच ठेवायचं असंही नाही. कुसळवाली लोंबी सोलून बघा, आत तांबडा दाणा निघाला आणि हात लावला की दाणे झडत असतील तर ते रानभात, ते काढाच नाहीतर चार वर्षात खाचर त्याचंच. दाणा पांढरा, चावून वास येत असेल तर राहू द्या.
बियाण्यासाठी एकच झोकदार चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) कापून आणू नका, अख्ख्या खाचरात फिरून भरपूर वेगवेगळ्या रोपांची एकेक लोंबी घ्या, लवकर पिकणारी पण आणि उशिराची पण, बांधाकडच्या दोन ओळी सोडून. भाताचं परागीकरण फुलातल्या फुलातच होतं, शेजारच्या इंद्रायणीशी संकर एक टक्क्याच्याही आत, त्याचं टेन्शन नको. मिसळ होते ती खळ्यावर आणि पोत्यात. आधी आंबेमोहोर झोडा, मग इंद्रायणी. आणि लोळण्याचं म्हणाल तर युरिया बंद करा, गावठी भाताला तो झेपतच नाही, वाढतो आणि पडतो, मग नाव वाणाला.

भुसारवाला:
पुण्यात आंबेमोहोर म्हणून जे विकलं जातं त्यात आंध्रचा जिराशंकर नाहीतर मध्यप्रदेशचा विष्णुभोग पुष्कळ असतो, दिसायला सेम आणि गिऱ्हाईकाला कळत नाही (कळून घ्यायचंही नसतं, भाव कमी लागला की खूश). मुळशी आंबेमोहोराला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, पण नुसत्या मानांकनाने पोतं खपत नाही. काकांचा माल थोडा असेल तर दुकानात देऊच नका, सोसायटीत ओळखीने विका, हातसडीचा असेल तर दोन पैसे जास्तच मिळतील.

पौडची_पोर:
काकांना युरियाचं सांगितलं, म्हणाले "तुझा मावळवाला बरोबर बोलतोय पण त्याला म्हणावं माझं खाचर पाणथळ आहे, इथं न खत टाकता पण पडतो" 😅 तर त्याला काही उपाय? आणि वाणाची नोंदणी वगैरे आपल्याला करता येते का?

बीजबुद्धी:
येते, २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी आहे, एकट्याने किंवा गावाने मिळून, फी पण नाही. पण आधी दोन हंगाम उंची, फुलोऱ्याची तारीख, दाण्याची लांबी लिहून ठेवा. पाणथळीचं मावळी दादाच सांगतील.

मावळी_खाचर:
लावणी दाट करू नका, एका चुडात दोन-तीन काड्या बास. आणि दाणा भरत आला की बांध फोडून पाणी काढून द्या.