'फ्रस्ट्रेटेड'ला दुसरीतल्या पोराचा शब्द हवाय

पाटीपेन्सिल
दुसरीच्या वर्गात लावायचा भावनांचा तक्ता मराठीत करतेय. बारा चेहरे, प्रत्येकाखाली एक शब्द. आनंदी, घाबरलेला, लाजलेला वगैरे झाले. अकराव्यावर गाडी अडलीय: 'फ्रस्ट्रेटेड'. चित्रातला मुलगा बुटाची नाडी बांधतोय, ती पुन्हा सुटलीय, ओठ आवळलेत, नाक फेंदारलंय. आधीच्या अनुवादकाने खाली 'वैफल्यग्रस्त' लिहून ठेवलंय. ते वाचून मलाच तसं व्हायला लागलं. 'निराश' म्हणावं तर हा निराश कुठाय, अजून नाडीशी झटतोय की. सुचवा. जोडाक्षरं कमी असली तर बरं.

कोशाळू
विफल, त्यावरून वैफल्य. प्रयत्न फसल्यावर जे वाटतं ते. अर्थ चोख बसतो. कठीण म्हणून टाकायचा असेल तर सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर'ही सुरुवातीला लोकांना जडच वाटले होते. रुळले ना? मुलं शिकतात, आपणच घाबरतो.

पाटीपेन्सिल
काका, महापौर हा शब्द पोराला रडवेलं झालेलं असताना उच्चारावा लागत नाही. हा लागणार आहे.

निवृत्तबाई
त्रागा! "उगाच त्रागा करू नकोस" हे मी एकतीस वर्षं रोज म्हणत आले.

कोशाळू
बाई, त्रागा भयंकर शब्द आहे. गुजरात-काठेवाडात भाट-चारण व्यवहाराला जामीन राहायचे. समोरच्याने शब्द मोडला की त्याच्या दारात जाऊन स्वतःला जखमा करून घ्यायचे, वेळ पडली तर जीवही द्यायचे, म्हणजे पाप त्याच्या माथी. तो त्रागा. बुटाच्या नाडीसाठी?

निवृत्तबाई
मग बरोबरच आहे की! आमच्या वर्गातला एक जण बेरीज चुकली की स्वतःच्याच डोक्यावर पाटी आपटून घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. पाप माझ्या माथी.

बे_एरियातला_बाबा
इथे मुलीच्या शाळेत भावनांचे चार रंग शिकवतात. निळा म्हणजे मरगळ, उदास. हिरवा म्हणजे शांत. पिवळ्यात चुळबुळ, काळजी आणि हे फ्रस्ट्रेशन. लाल म्हणजे ताबा सुटला. त्या हिशोबाने त्रागा लाल होतो, चित्रातला मुलगा अजून पिवळ्यात आहे. परवा पोळी लाटताना गोल होईना तेव्हा आमची म्हणाली, "आई, मी यलो झोनमध्ये आहे." बायकोला वाटलं कुठेतरी पार्किंग चुकलं. मला विचाराल तर 'वैतागलेला'.

मिरजेचा_मामा
वैताग ठीक आहे, पण तो मोठ्या माणसांचा. हप्ते, पाहुणे, नळाला पाणी नाही. आमच्याकडं पोरगं 'कावतं'. "लई कावलंय, जरा सोड त्याला." आजी सांगायची, काव म्हणजे तांबडी माती, तोंड कावेसारखं लाल होतं म्हणून कावणं.

कोशाळू
आजीबद्दल आदर आहे, पण ही व्युत्पत्ती अंगणातली. कावळ्याच्या काव-कावशी संबंध जास्त शक्य वाटतो. सतत डोक्याशी कटकट.

मिरजेचा_मामा
म्हणजे तुमची झाडावरची.

निवृत्तबाई
मला वेगळंच खटकतंय. तक्त्यावर 'मी दुःखी आहे', 'मी रागावलेला आहे' असं असणार ना? कुठलं मूल असं बोलतं? मला राग आला, मला भीती वाटली, मला रडू आलं. आपल्याकडे राग बाहेरून येतो आणि जातो. 'तू म्हणजे तुझा राग नव्हेस' हे शिकवायला जगभर तास घेताहेत, आपल्या 'मला'च्या चतुर्थी विभक्तीत ते आयतं आहे.

बे_एरियातला_बाबा
वा! हे इथल्या बाईंना सांगतो.

कोशाळू
सांगू नका. मी चिडलो, मी रुसलो, मी घाबरलो, मी हिरमुसलो, यात चतुर्थी कुठे आहे? व्याकरणातून मानसशास्त्र काढायला गेलं की असं होतं. आणि तक्त्याचं शीर्षक काय आहे हो?

पाटीपेन्सिल
'सामाजिक-भावनिक अध्ययन'.

कोशाळू
निदान 'शिक्षण' लिहिलं नाही हे नशीब.

मिरजेचा_मामा
पालकांना 'भावनिक' म्हटलं की वाटतं पोराला रडायला शिकवणार. त्यापेक्षा 'मूल्यवर्धन' नाव सोपं. शाळांमधला मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम, २००९ ला बीडमध्ये सुरू झाला तो.

बे_एरियातला_बाबा
मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा व्हॅटचा प्रकार वाटला होता.

निवृत्तबाई
डी.एड.ला जीवनकौशल्यं पाठ करायला लागायची. दहा. 'ताणतणावांचे समायोजन' लिहिताना ताण यायचा. 'समानुभूती'ला तर निम्मी मुलं 'सहानुभूती' लिहायची आणि मार्क जायचे. कणव म्हटलं असतं तर?

कोशाळू
कणव म्हणजे दया. वरून खाली वाहते. समानुभूतीत पातळी एक असते.

निवृत्तबाई
कळवळा?

पाटीपेन्सिल
मंडळी, अकरावा चेहरा! बरं, आज वर्गात चित्र दाखवलं, शब्द झाकून. विचारलं, ह्याला काय झालंय? बरीच मुलं म्हणाली "चिडलाय". दोघं "नाडी सुटलीय". मागच्या बाकावरची एक, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "बाई, त्याला जमंना झालंय." आणि स्वतःची नाडी दाखवली. तिची गाठ मारलेली होती, फुलाची नव्हे, साधी.
मी 'जमंना' लिहिणार आहे.

कोशाळू
'जमेना' लिहा. शाळेच्या भिंतीवर प्रमाण रूप हवं. शिवाय तक्त्यावर बाकी सगळी विशेषणं आणि मध्येच हे क्रियापद? 'जमेना' ही भावना नाही, परिस्थिती आहे.

निवृत्तबाई
सातव्या वर्षी तीच भावना असते हो. पण मग बाकीचे अकराही बदला. 'लाजलेला' कोण म्हणतं?

पाटीपेन्सिल
बाकीचे अकरा छापून झालेत.

मिरजेचा_मामा
कोशाळूकाका, कावेचं राहिलंच. आमच्याकडं दिवाळीत किल्ल्याला लावायला काव आणतात. एकदा तोंडाला लावून बघा, मग कावळ्याचं बोलू.