मदत हवी आहे: 60 अंशांवरून सोडलेल्या लंबकाचा आवर्तकाल कसा मोजावा?

लंबकाचा आवर्तकाल कोनावर अवलंबून नसतो, असं गॅलिलिओ मानत होता. मोठ्या कोनात तो वाढतो, हे भाचीला पुस्तकातून नाही तर घरच्या मोजमापातून दाखवायचं आहे.

दाराच्या चौकटीवर दोन लाकडी पट्ट्यांत दोरा घट्ट आवळलाय, खाली टेनिस बॉल. बॉलच्या मध्यापर्यंत लांबी 99 सेंमी. दोरा न ताणला जाणारा आहे, चौकट हलत नाही, पंखा बंद असतो.

10 अंशांवरून सोडल्यास दहा आंदोलनांना 20.0 सेकंद लागतात, म्हणजे सूत्राप्रमाणेच. 60 अंशांना सुमारे 7 टक्के वाढ, म्हणजे 21.4 सेकंद अपेक्षित, मिळतात 21.1. कारण उघड आहे: हवेच्या विरोधामुळे तेवढ्या वेळात कोन 47 पर्यंत उतरतो. गवंड्याचा ओळंबा लावला तर ही घट कमी होईल, पण लहान मुलांच्या घरात तो 60 अंशांनी झुलवायचा नाही. लहान कोनात मात्र लावून पाहिला, वेळ तीच आली.

मोबाइलवर व्हिडिओ घेता येतो, पण सेकंदाला 30 चित्रंच मिळतात. एका आंदोलनातला फरक जेमतेम 0.15 सेकंद, म्हणजे चार-पाच चित्रांचा. सेन्सर किंवा महागडं साधन नको आहे.

मग जास्त भरवशाचं काय: व्हिडिओवरून फक्त पहिली दोन आंदोलनं मोजणं, की दहा मोजून सरासरी कोनाशी तुलना करणं? आणि सरासरी घ्यायची तर ती कोनाची, की कोनाच्या वर्गाची?