डाऊनहिलसाठी क्लिपलेस पेडल्स घ्यावीत की फ्लॅट? सातपुड्याच्या उतारांच्या दृष्टीने सल्ला हवा

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे मी रोड बाइकवर लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या सायकलफेऱ्या) करतो आणि त्यासाठी एसपीडी पेडल्सच (बुटाच्या तळाची क्लीट ही धातूची पट्टी ज्यांत अडकते ती; नाव क्लिपलेस असले तरी बोलताना यांनाच क्लिप म्हणतात) वापरतो, त्यामुळे बूट अडकवणे आणि टाच बाहेर वळवून सोडवणे आता अंगवळणी पडले आहे. यंदा पुढे १२० मिलिमीटरचे सस्पेन्शन असलेली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक) घेतली असून सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावलकडच्या गावांमागील टेकड्यांवरून उतरण्याचा सराव सुरू केला आहे. (यावल अभयारण्याच्या हद्दीत मी जात नाही. वनखात्याच्या परवानगीशिवाय तेथे सायकल घालणे योग्य नाही, म्हणून हे आधीच नमूद करतो.)

आमच्या उतारांवर माथ्याशी सुटा मुरूम असतो, मधल्या टप्प्यात बेसाल्टचे धोंडे असतात आणि खाली नाल्याच्या काठाने काळी माती लागते. वर जायला गाडीरस्ता नसल्यामुळे बराचसा चढ सायकल ढकलतच काढावा लागतो. सायकलसोबत आलेल्या प्लास्टिकच्या साध्या पेडल्सवरून धोंड्यांच्या टप्प्यात पाय सरकतो, म्हणून ती बदलायची हे नक्की आहे. क्लिपची सवय आहे तर तीच पुढे चालवावी, की फ्लॅट पेडल्स (बूट न अडकवता पाय नुसता ठेवायची, पकडीसाठी बारीक पिना असलेली सपाट पेडल्स) घेऊन पायांना नव्याने वळण लावावे, हे ठरत नाही. ज्यांना विचारले ते सह्याद्रीतल्या ओल्या वाटांबद्दल किंवा परदेशातल्या बाइक पार्कबद्दल सांगतात. आपल्याकडच्या जमिनीवर सायकल चालवणाऱ्यांचे मत मला हवे आहे. दहावीची परीक्षा झाली की माझी पुतणीही बरोबर येणार आहे, तेव्हा तिच्यासाठी काय घ्यावे तेही सुचवावे.

लळिंगवाट (धुळे)

भाऊ, माझे मत स्पष्ट आहे. निदान पहिला संपूर्ण हंगाम फ्लॅट पेडल्सवर काढा आणि पेडल्सपेक्षा बुटांवर अधिक खर्च करा.

रस्त्यावर क्लिपमधून पाय सोडवण्याचा तुमचा सराव खरा आहे, परंतु रस्त्यावर आपण थांबणार हे आधी ठाऊक असते. सिग्नल दिसतो, टोलनाका दिसतो आणि टाच वळवायला पुरेसा वेळ मिळतो. सुट्या मुरमाच्या वळणावर पुढचे चाक घसरते तेव्हा तो वेळ मिळत नाही. आतल्या बाजूचा पाय क्षणभर बाहेर काढून जमिनीला टेकवायचा, सायकल सावरली की परत पेडलवर ठेवायचा आणि पुढचा धोंडा येण्याआधी दोन्ही पायांवर उभे राहायचे, एवढे सगळे एकाच वळणात करावे लागते. फ्लॅट पेडलवर पाय कसाही पडला तरी उभे राहता येते. क्लिपमध्ये मात्र क्लीट खाचेत बसेपर्यंत बुटाचा तळ पेडलवर घसरत राहतो, आणि नेमका त्याच वेळी धोंड्यांचा टप्पा सुरू झालेला असतो.

दुसरे कारण कौशल्याचे आहे आणि माझ्या लेखी तेच सर्वांत मोठे आहे. फ्लॅट पेडलवर पाय टिकतो तो टाचेमुळे. ब्रेक लावल्यावर किंवा चाक दगडावर आदळल्यावर शरीर पुढे ढकलले जाते. अशा वेळी टाच खाली असेल तर तो धक्का पायातून पेडलमध्ये उतरतो आणि पाय उलट अधिक घट्ट बसतो. टाच वर असेल तर तोच धक्का पाय पेडलवरून उडवून देतो. तुमचा पाय सरकतो त्यात निकृष्ट पेडलचा दोष आहेच, पण पुढच्या वेळी त्या टप्प्यात टाच कोठे असते तेही पाहा. चाक उचलण्याचेही तसेच आहे. क्लिपमध्ये पाय नुसते वर ओढले तरी मागचे चाक उचलले जाते. फ्लॅटवर आधी सायकल दाबून घ्यावी लागते, मग चवडे खाली झुकवून पेडल मागच्या दिशेने रेटत वर न्यावे लागते. हे एकदा जमले की कोणत्याही पेडलवर जमते, परंतु क्लिपवरच शिकलेल्या माणसाला आपल्याला ते येत नाही हे कळतसुद्धा नाही.

क्लिपमुळे ताकद वाढते, हा मुद्दा उताराच्या बाबतीत फारसा टिकत नाही. पेडल वर ओढत सायकल चालवल्याने शरीराची कार्यक्षमता वाढत नाही, उलट कमी होते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. शिवाय डाऊनहिलमध्ये पेडल मारण्याचा वाटा मुळातच लहान असतो. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातील लिओगांगच्या विश्वचषक शर्यतीत अमेरिकेच्या ॲरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तरीही ती शर्यत त्यानेच जिंकली. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने तर २००६, २००७ आणि २०१० ही डाऊनहिलची तिन्ही जागतिक विजेतेपदे फ्लॅट पेडल्सवर मिळवली. पुढे २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे त्याने एंड्युरोची (अनेक उतारांची वेळ मोजणाऱ्या शर्यतींची) जागतिक मालिकाही त्याच पेडल्सवर जिंकली, आणि एंड्युरोत चढही चढावे लागतात.

सायकल ढकलत वर जाण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते. परदेशातील बाइक पार्कमध्ये केबल कारने वर जाता येते, म्हणून तिकडच्या चर्चेत चालण्याचा विषय निघत नाही. आपल्याकडे लळिंग किल्ल्याच्या बाजूच्या उतारांवर काय किंवा तुमच्याकडे काय, उतरण्याच्या कितीतरी पट वेळ चढण्यात जातो. बेसाल्टच्या गुळगुळीत दगडावर क्लीटचे लोखंड टेकले की पाय सटकतो, आणि त्या वेळी दोन्ही हात सायकलला लागलेले असतात.

आता बुटांबद्दल. धावण्याचे बूट घालून कितीही महागडी पेडल्स घेतलीत तरी पाय सरकणारच, कारण त्यांचा तळ मऊ आणि वाकणारा असतो आणि टाच उंच असते. सपाट तळाचे, मऊ पण चिकट रबराचे आणि मधला भाग थोडा ताठ असलेले बूट घ्या. फाइव्ह टेनचे बूट यासाठी नावाजलेले आहेत, पण दुसऱ्या कंपनीचेही चालतील. खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट टाळावेत, कारण पेडलच्या पिना खाचांमध्ये पडतात आणि रबराला नीट पकडत नाहीत. शक्य असेल तर नाशिक किंवा पुण्याला जाऊन पायात घालून पाहूनच घ्या.

औट्रमघाट (चाळीसगाव)

लळिंगवाट यांच्याशी मी बराच सहमत आहे, तरी क्लिपची बाजू येथे यायला हवी. ग्रेग मिनार आणि लोइक ब्रुनी यांच्यासारखे विश्वविजेते क्लिपवर उतरत आले आहेत आणि त्यामागे ठोस कारण आहे. सलग धोंड्यांच्या वेगवान टप्प्यात सायकल पायाखालून एकसारखी हादरत असते. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नसल्यामुळे तो मार थेट तळपायाला बसतो आणि उताराच्या शेवटी पोटऱ्या थकल्या की टाच आपोआप वर येऊ लागते. त्या वेळी क्लिपमधला पाय आपल्या जागी राहतो. ज्याची टाच खाली ठेवण्याची सवय पक्की झाली आहे आणि जो तोच उतार अधिक वेगाने उतरू पाहतो आहे, त्याने क्लिप अवश्य वापरावी.

मात्र ब्रेव्हेची मांडणी उतारावर चालणार नाही. क्लीट बुटाच्या खाचेत जितकी मागे जाईल तितकी मागे घ्या, म्हणजे पेडलचा आस चवड्याच्या मागे येतो आणि पोटरीवरचा ताण कमी होतो. शिमानोच्या एसपीडी पेडलला ताण कमी-जास्त करण्याचा स्क्रू दोन्ही बाजूंना असतो, म्हणजे जोडीत एकूण चार. तीन मिलिमीटरच्या ॲलन कीने चारही आधी पूर्ण सैल करा आणि मग प्रत्येकाला सारखेच टिचके देत घट्ट करा. एका बाजूचा ताण वेगळा राहिला, तर पेडल कोणत्या बाजूने वर येते त्यावर पाय सुटणे अवलंबून राहते. क्लीटमध्येही फरक आहे. नेहमीची एसएच ५१ टाच बाजूला वळवल्यावरच सुटते, तर एसएच ५६ इतर दिशांनीही, जोराने वर ओढल्यावरसुद्धा सुटते. नवशिक्याला दुसरी सोयीची वाटते, परंतु उडी घेताना पाय अवेळी सुटण्याचा संभव तिच्यातच अधिक असतो.

एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅट असलेली पेडल्स मिळतात. डाऊनहिलसाठी ती घेऊ नका. पाय घाईने परत ठेवताना हवी ती बाजू वर असेलच असे नाही. क्लिपच घ्यायची असेल, तर क्लिपभोवती रुंद पिंजरा असलेली घ्या, म्हणजे पाय अडकला नाही तरी उभे राहण्यापुरता आधार मिळतो.

तोरणमाळवारी (नंदुरबार)

काळ्या मातीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते. आपली रेगूर माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, हे शेताच्या बांधावरून चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पावसाळ्यात नाल्याच्या काठाने दहा पावले चालले तरी बुटाच्या तळातील क्लीटची खाच मातीने गच्च भरते आणि त्यानंतर क्लीट पेडलमध्ये बसतच नाही. काडीने कोरून काढावी, तर चार पावलांवर पुन्हा तीच स्थिती होते. क्रँकब्रदर्स या कंपनीच्या पेडल्सची रचना मोकळी असल्याने त्यांत माती कमी अडकते, पण बुटाच्या खाचेला त्याचा उपयोग नाही. फ्लॅट पेडलवर मात्र बूट दोनदा पिनांवर घासला की काम होते. म्हणून जून ते सप्टेंबर आपल्या भागात फ्लॅटच वापरावीत, असे मला वाटते.

पुतणीला फ्लॅटच द्या, तेथे दुसरा विचार नको. शिकणाऱ्याला पाय टेकवता येतो हा भरवसा असला की नजर पेडलवरून उठते आणि वाटेवर जाते. तिला नडगीपट्ट्या मात्र पहिल्या दिवसापासून घालायला लावा. पेडल उलटे फिरून पिना नडगीवर बसल्या की कातडी सोलली जाते आणि जखम बरी व्हायला बराच वेळ लागतो. अशा जखमेपेक्षा तिची भीती मुलांना अधिक मागे खेचते. पेडल्स तिच्या पायाच्या मापाला शोभतील अशी, फार रुंद नसलेली घ्यावीत. रुंद पेडलची कड वळणात दगडाला लवकर लागते.

तापीकाठ (जळगाव)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. चढ आणि काळी माती या दोन मुद्द्यांवर माझा निर्णय झाला. दोघांसाठीही फ्लॅट पेडल्स आणि योग्य बूट घेतो. एसपीडी रस्त्यासाठी राहू देतो. आता धातूची घ्यावीत की नायलॉनची, आणि पिना पाहताना काय तपासावे, एवढे सांगावे.

लळिंगवाट (धुळे)

नायलॉनची घ्या. रेस फेस कंपनीचे चेस्टर किंवा त्या प्रकारचे कोणतेही पेडल चालेल, फक्त आस क्रोमोली पोलादाचा आणि पिना बदलता येण्याजोग्या हव्यात. ॲल्युमिनियमचे पेडल बेसाल्टवर आपटले की त्याला खाच पडते आणि कधीकधी तेथेच अडकते. नायलॉन बहुधा घसरून पुढे जाते.

पिना मागच्या बाजूने आत बसवलेल्या असाव्यात. ज्या पिनांचा ॲलन कीचा खड्डा वरच्या टोकाला असतो, त्यांचे टोक दगडावर चेचले गेले की खड्डाच बुजतो आणि पीन काढता येत नाही. मागून बसवलेली पीन वर कितीही चेचली तरी खालून फिरवून काढता येते. कडेच्या पिना उंच आणि मधल्या आखूड असतील, तर तळपाय मध्ये किंचित खोलगट जागेत बसतो आणि पकड वाढते. पुतणीच्या पेडलवर सुरुवातीला पिनांची उंची कमी ठेवा. पिनांखाली चकत्या असतील तर तसे करता येते.

बसवताना एक काळजी घ्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पेडल्ससाठी पान्याचा दांडा वर धरून सायकलच्या पुढच्या चाकाकडे ओढला की पेडल घट्ट होते आणि मागे ओढला की सुटते. आट्यांना ग्रीस लावा, पहिले दोन-तीन फेरे पान्याशिवाय हातानेच फिरवा, आणि हाताला अडखळल्यासारखे वाटले तर तेथेच थांबून पेडल काढून सरळ धरून पुन्हा लावा. क्रँकचे (पेडल ज्या दांड्याला लागते त्याचे) आटे एकदा वाकडे कापले गेले, तर क्रँक बदलण्याची वेळ येते. पहिल्या उतारानंतर दोन्ही पेडल्स पुन्हा एकदा आवळून घ्या.