थ्रेशरवर दुपारून काळा धूर: ट्रॅक्टरचा हवेचा पाइप वर नेला तर फरक पडेल का?

कुटारवाला_वाशिम
40 एचपी, तीन सिलिंडर, 2500 सीसी, टर्बो नाही. फिल्टर ऑइल बाथचा (तळाच्या वाटीतल्या तेलात धूळ अडकवणारा). प्री-क्लीनरची (फिल्टरच्या आधी जाड कचरा अडवणाऱ्या वाटीची) टोपी तुटल्यापासून हवा बोनेटच्या आतूनच ओढतो. सोयाबीनच्या थ्रेशरवर सकाळी ठीक चालतो, दुपारून काळा धूर सोडतो आणि आरपीएम पडतात. नोझल आणि टायमिंग तपासून झालं. मिस्त्री म्हणतो, ऑइल बाथ काढून कारचा कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा फिल्टर) लावा, नाहीतर 2 इंची पीव्हीसी पाइप वर काढा. यातलं काय करावं? पाइप किती जाडीचा घ्यावा?

दट्ट्या
कोन फिल्टर विसरा भाऊ. थ्रेशरच्या फुफाट्यात तो अर्ध्या दिवसात कुटारानं (भुश्शानं) लिंपून जाईल, आणि त्यातून गेलेली बारीक माती सिलिंडरच्या आतल्या लायनर-रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासेल. आवाज वाढतो म्हणून ताकद वाढल्यासारखं वाटतं, एवढंच.

डिझेल इंजिनात डिझेल किती सोडायचं ते पंपाचा गव्हर्नर ठरवतो. नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही. पण काळा धूर आहे म्हणजे आलेलं डिझेल जाळायला हवा कमी पडते, तेव्हा तुमच्या केसमध्ये हवेचं काम करण्यात अर्थ आहे. बाहेर 35 अंश आणि बोनेटखाली 60 धरले तर त्याच घनफळात हवा 7-8 टक्के कमी मावते. सकाळ-दुपारचा फरक इथूनच येतो.

पाइप अडीच इंची घ्या. 2000 आरपीएमला हे इंजिन मिनिटाला दोन हजार लिटरच्या वर हवा ओढतं. तेवढीच हवा 2 इंचीतून न्यायची तर अडथळा जवळपास तिप्पट होतो.

वेल्डिंग_खाता
पीव्हीसी नकोच. सायलेन्सरच्या आचेनं मऊ पडतो आणि आतल्या ओढीनं चपटा होतो. पातळ लोखंडी पाइप घ्या, 90 अंशाचे कोपरे टाळा, मोठे वाक द्या. वेल्डिंगनंतर आत चिकटलेले धातूचे मणी छिन्नीनं काढा, घासा, धुवा, कापड ओढून पाहा. एक मणी सुटून पुढं गेला तर इंजिनाचं काम निघतं.

पाइपचा भार फिल्टरवर टाकू नका. पट्टी बोनेटच्या चौकटीला बांधा आणि मधात चार बोटं जाड रबरी होज ठेवा, नाहीतर हादऱ्यानं फिल्टरचं तोंड तडकेल. तोंड सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला आणि थ्रेशरचं कुटार उडतं त्याच्या वर ठेवा. टोपीसह वाटीचा प्री-क्लीनर बसवा. वाटी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा.

काळी_माती
आधी रेडिएटरची जाळी पाहा. कुटारानं बुजली असेल तर बोनेटखालची हवा आणखी तापते, मग पाइप बिचारा काय करेल.

दुसरं, फिल्टरच्या आधी पाइप थोडा गळला तर फारसं बिघडत नाही, गरम हवा येते इतकंच. पण फिल्टर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) यातलं सुईएवढं भोकही इंजिन खातं. तिथला होज काढून आतून पांढरं फडकं फिरवा. मातीचा रंग आला तर क्लिप आणि होज दोन्ही बदला.

थ्रेशरच्या दिवसांत ऑइल बाथची वाटी दर 8-10 तासांनी उघडा. तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ साचायची वाट पाहू नका. वरची तारेची जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण निथळू द्या. तेल खुणेपर्यंतच. खुणेच्या वर भरलं तर इंजिन तेच ओढून त्यावर पळत सुटतं, मग स्टॉपची दोरी ओढूनही थांबत नाही; हवेचं तोंडच बंद करावं लागतं.

कुटारवाला_वाशिम
रेडिएटरची जाळी अर्धी बुजलेली निघाली. पाइप लावल्यावर फरक पडला की नाही हे धुराशिवाय मोजता येतं का?

दट्ट्या
येतं. अडीच मीटर पारदर्शक नळी फळीवर इंग्रजी यू सारखी बांधा, दोन्ही पाय मीटरभर उंच, निम्म्यापर्यंत पाणी. एक टोक फिल्टर आणि मॅनिफोल्डमधल्या पाइपला भोक पाडून निपल (छोटी नळी) बसवून तिला जोडा, दुसरं मोकळं. थ्रेशर पूर्ण लोडवर असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मिमीत मोजा. आधी पाइपविना, मग पाइपसह. फरक 50 मिमीपेक्षा जास्त वाढला तर पाइप बारीक आहे किंवा वाक जास्त आहेत. एकूण आकडा 500 मिमीच्या आसपास गेला तर फिल्टरच चोंदलाय. मोजून झालं की निपलचं भोक बोल्ट आणि सीलनं पक्कं बुजवा. ते फिल्टरच्या पुढचं भोक आहे.

वेल्डिंग_खाता
आणि मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून "डिझेल वाढवतो" म्हणाला तर हात लावू देऊ नका. धूर दुप्पट होईल.