१७८४–१८०० : अमेरिकेच्या युद्धखात्याची पत्रे वाचताना आकडे जुळत नाहीत

पत्रलेखा

नमस्कार मंडळी. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेचे सैन्य पहिल्या काही वर्षांत पत्रांवर कसे चालत होते, यावर मराठीत लिहायला घेतले आहे. मूळ पत्रे वाचताना काही ठिकाणी अडते.

एकाच पलटणीचे एकाच महिन्याचे आकडे दोन कागदांत वेगळे असतात, तेव्हा कोणता धरायचा? शिध्यांची संख्या माणसांपेक्षा जास्त दिसते, तो घोटाळा समजायचा का? १७९२ नंतर सेनापती अँथनी वेन रसदीविषयी लिहितात, पण अन्नाच्या मक्त्याचे कागद युद्धसचिव हेन्री नॉक्स यांच्या पत्रांत शोधून मिळत नाहीत, ते का? आणि ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत खात्याचे दप्तर जळाले, मग आज वाचतो ती पत्रे टिकली कुठे?

जुने_दप्तर

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. आधी कागदाचा प्रकार ओळखा, आकडा नंतर वाचा.

हजेरीपट आणि गोषवारा हे दोन वेगळे कागद आहेत. हजेरीपटावर एकेका शिपायाचे नाव, भरतीची तारीख आणि मुदत असते. पगार त्यावरून निघतो. गोषवाऱ्यात नावे नसतात, फक्त रकाने: हजर व कामास योग्य, हजर पण आजारी, आजारी आणि दूर, कामगिरीवर बाहेर, रजेवर. सेनापतीला आणि सचिवाला उद्या किती माणसे उभी करता येतील ते यावरून कळते. म्हणून हजेरीपटावर ६० नावे आणि गोषवाऱ्यात "कामास योग्य" ४१ असतील, तर दोन्ही खरे असू शकतात. लेखात एकच आकडा द्यायचा झाला, तर तो कोणत्या रकान्यातला ते लिहाच.

सर्वांत फसवा रकाना "कामगिरीवर बाहेर". कंपनी एका किल्ल्यावर, तिचे वीस जण सामानाच्या होड्यांबरोबर दुसऱ्या ठाण्यावर. मूळ कंपनी त्यांना "बाहेर" दाखवते, ते ठाणे "हजर" दाखवते. दोन्ही गोषवारे डोळे मिटून बेरजेला घेतले की वीस माणसे हवेतून वाढतात. बेरीज करण्याआधी दोन्ही कागद एकाच दिवसाचे आहेत का तेही बघा.

"पूर्ण संख्येस कमी" हा रकाना तर प्रत्यक्ष मोजणीचा नाहीच, ती मंजूर संख्येतून केलेली वजाबाकी आहे. १७९२ च्या लीजनमध्ये (वेन यांच्या सैन्याची तेव्हाची रचना) चार उपलीजन, प्रत्येकी १,२८० जण, म्हणजे मंजूर संख्या ५,१२०. ही संख्या कागदावरची. तिला "वेन यांचे सैन्य" म्हणून छापणे ही नेहमीची चूक आहे.

आकडा नेमका कशाचा, हे न विचारल्यामुळे काय होते याचे उदाहरण थोडे आधीचे, १७७५ चे आहे. वॉशिंग्टन यांनी बोस्टनबाहेर सैन्याचा ताबा घेतला तेव्हा बंदुकीची दारू ३०० हून अधिक पिंपे असल्याचे कागद सांगत होते. ऑगस्टमध्ये उलगडा झाला की तो मॅसॅच्युसेट्सने आजवर जमवलेल्या एकूण दारूचा आकडा होता; वापरलेली त्यातून वजा केलीच नव्हती. ४ ऑगस्टला त्यांनी काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक यांना कळवले की माणशी ९ बारांहून जास्त साठा नाही. समोर शत्रू, आणि कागदात कोणी एक ओळही खोटी लिहिलेली नाही. "जमा" आणि "शिल्लक" यांतला फरक तेवढा कोणी विचारला नव्हता.

शिधापत्रक

शिध्याचा आकडा जास्त असणे हा घोटाळा नाही. शिधा हे मोजमाप आहे, माणूस नव्हे. १७९० च्या कायद्याप्रमाणे शिपायाला रोज एक शिधा, लेफ्टनंटला दोन, कॅप्टनला तीन. त्यामुळे शिध्यांना दिवसांनी भागून माणसे काढू नका.

एका शिध्यात १ पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचे मांस, १ पौंड पाव किंवा पीठ आणि अर्धे गिल मद्य (३२ गिल म्हणजे एक गॅलन). शिवाय दर १०० शिध्यांमागे १ क्वार्ट (पाव गॅलन) मीठ, २ क्वार्ट व्हिनेगर, २ पौंड साबण, १ पौंड मेणबत्त्या. आता ६० शिपायांची कंपनी ३० दिवस धरा: १,८०० शिधे. म्हणजे १,८०० पौंड पीठ, १८ क्वार्ट मीठ, ३६ क्वार्ट व्हिनेगर, ३६ पौंड साबण, १८ पौंड मेणबत्त्या, आणि मद्य ९०० गिल, म्हणजे २८ गॅलनच्या किंचित वर. हाती आलेले देयक या प्रमाणाशी ताडून पाहा. पीठ बरोबर आणि साबण-मीठ फारच कमी असेल, तर आधी शंका घ्या की शिधा पुरा मिळालेला नाही.

पत्रलेखा

म्हणजे मी दोन ठाण्यांचे आकडे सरळ मिळवत होते, तिथेच चूक होती. मक्त्याचे आणि आगीचे कोणी सांगेल का?

आवक_जावक

मक्त्याचे कागद नॉक्स यांच्याकडे मिळत नाहीत, कारण ते काम त्यांचे नव्हते. ८ मे १७९२ च्या कायद्याने सैन्याचे अन्न, कपडे आणि दारूगोळा यांची खरेदी व मक्ते कोषागाराकडे गेले. तेव्हा ती पत्रे कोषसचिव अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या खात्यात शोधा. त्याच कायद्याने युद्धखात्यात वेगळा लेखापाल आला, आणि सचिवाच्या हुकुमावर त्याची प्रतिस्वाक्षरी असल्याशिवाय खजिनदार पैसे देत नसे. खरेदी युद्धसचिवाच्या हाताखाली आली ती १७९८ मध्ये. मधल्या सहा वर्षांत वेन यांची तक्रार एका कार्यालयात आणि तिचा इलाज दुसऱ्या कार्यालयात, हे ध्यानात ठेवून वाचा.

पत्रे लिहिल्याच्या तारखेने लावू नका, पोहोचल्याच्या तारखेने लावा. वेन यांच्या आधीचे सेनापती सेंट क्लेअर यांचा मूळ अमेरिकी टोळ्यांकडून झालेला पराभव ४ नोव्हेंबर १७९१ चा, फोर्ट वॉशिंग्टनहून त्यांनी अहवाल लिहिला ९ नोव्हेंबरला, आणि राष्ट्राध्यक्षांनी तो काँग्रेसपुढे ठेवला १२ डिसेंबरला. बातमी पोहोचेपर्यंत फिलाडेल्फियातून, म्हणजे तेव्हाच्या राजधानीतून, सुटलेली पत्रे पराभव माहीत नसताना लिहिलेली आहेत. त्यांना बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होईल.

आगीबद्दल: पत्राच्या बहुधा किमान दोन प्रती असत. पाठवणारा जावक वहीत नक्कल उतरवी, आणि मूळ पत्र घेणाऱ्याकडे जाई. आगीत खात्याचे दप्तर गेले, पण दुसरे टोक वाचले. नॉक्स यांचे खासगी कागद मुख्यतः न्यू यॉर्कच्या गिल्डर लेहरमन संग्रहात आहेत, त्यांच्यानंतरचे युद्धसचिव पिकरिंग यांचे मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत, वेन यांचे पेनसिल्व्हेनियाच्या हिस्टॉरिकल सोसायटीत, वॉशिंग्टन यांचे मुख्यतः लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये.

अडचण सहपत्रांची. पत्रात "गोषवारा सोबत" असते, पण जावक वहीत पुष्कळदा फक्त पत्र उतरवलेले असते, गोषवारा नाही. तो वेगळा सुटून भलत्याच ठिकाणी पडलेला असतो. अशा वेळी घडीच्या बाहेरच्या बाजूला कारकुनाने केलेली नोंद पाहा: पाठवणारा, तारीख, विषय, कधी कधी मिळाल्याचा दिवस. नुसत्या आतल्या मजकुराच्या छायाप्रती मागवल्या की नेमकी हीच बाजू सुटते, म्हणून प्रत मागताना मागची बाजूही हवी असे स्पष्ट लिहा.