खासगी कंपनीची लांब पल्ल्याची गाडी: प्रवाशाचा फायदा, की मलईदार मार्गांची वाटणी?

दूरचा प्रवासी :

खासगी रेल्वे म्हटलं की चर्चा लगेच ‘सरकार विरुद्ध भांडवलदार’ या ठरलेल्या वळणाला लागते आणि गाडीत बसणारा माणूस बाजूलाच राहतो. मला त्याच्या बाजूने लिहायचं आहे. कामानिमित्त युरोपात माझं फिरणं रेल्वेनेच होतं आणि जिथे पर्याय असतो तिथे मी खासगी कंपनीची गाडी घेतो. रूळ, सिग्नल, स्थानकं सरकारकडेच राहू द्यात. पण त्या रुळांवर गाडी चालवायची ज्याच्यात धमक आहे त्याला येऊ द्या, सरकारी कंपनीच्या बरोबरीने, त्याच मार्गावर.

इटलीचं उदाहरण घ्या. २८ एप्रिल २०१२ ला ‘इतालो’ची पहिली अतिजलद गाडी धावली. सरकारी कंपनीच्या समोर, त्याच अतिजलद मार्गावर उभी राहिलेली ती जगातली पहिली खासगी गाडी. तिचं स्वागत कसं झालं? रोममध्ये तेर्मिनी हे मुख्य स्थानक सुरुवातीला मिळालंच नाही, तिबुर्तिना आणि ओस्तिएन्सेवर भागवावं लागलं. ओस्तिएन्सेला कंपनीचं प्रवासी दालन फलाटाच्या अगदी लगत होतं, आणि मधे लोखंडी कुंपण! समोर उभी असलेली गाडी दिसायची, पण बॅगा ओढत वळसा घालून जावं लागायचं. रूळभाडंही इतकं चढं होतं की कंपनी कर्जात बुडत चालली होती. २०१४ मध्ये नियामकाने ते बरंच खाली आणलं, मग ती सावरली, आणि २०१८ मध्ये एका अमेरिकी फंडाने ती सुमारे दोन अब्ज युरोंना विकत घेतली. या सगळ्यात प्रवाशाला काय मिळालं? रोम-मिलान भाडी उतरली, गाड्या वाढल्या आणि सरकारी कंपनीला आपले डबे, सेवा, सगळंच सुधारावं लागलं. स्पर्धा नसती तर तिने हे आपणहून केलं असतं, यावर माझा विश्वास नाही.

दुसरं उदाहरण व्हिएन्ना-साल्झबुर्गचं. डिसेंबर २०११ पासून तिथे ‘वेस्टबान’च्या दुमजली गाड्या धावतात. घाईत फलाट गाठला, तिकीट नाही, तरी सरळ चढायचं. तपासनीस येतो, तिकीट देतो, जादा आकार नाही, दंड नाही. तिकीट नसलेल्या माणसाकडे चोर म्हणून न बघणारी रेल्वे मी तिथे अनुभवली.

फाटकवाला :

दूरचे प्रवासी, तुम्ही दिलेल्या मार्गांची नावं परत वाचा. रोम-मिलान, व्हिएन्ना-साल्झबुर्ग. यात प्राग-ओस्त्रावा आणि माद्रिद-बार्सिलोना जोडा. दोन मोठी शहरं, मधे चांगले रूळ, दोन्ही बाजूंनी भरलेले डबे. इथे कोणीही गाडी चालवून दाखवेल. डोंगरातल्या फाट्यावर संध्याकाळी साडेसातला बारा माणसांसाठी जी गाडी जाते, ती चालवायला यांपैकी कोण आलं? ती सरकारी कंपनीच्याच गळ्यात. मोठ्या मार्गावरच्या चार पैशांतून ती लहान गाड्यांचा तोटा भरून काढत असेल, तर ते चार पैसेच तुम्ही वाटून टाकताय. मलई एकाला, ताक दुसऱ्याला.

आणि ‘खासगी’ हा शब्दही जरा तपासून घ्या. स्पेनमध्ये मे २०२१ ला आलेली ‘उईगो’ कोणाची? फ्रान्सच्या सरकारी रेल्वेची. २०२२ मध्ये आलेल्या ‘इर्यो’त मोठा वाटा कोणाचा? इटलीच्या सरकारी रेल्वेचा. घरी मक्तेदारी सांभाळायची आणि शेजाऱ्याच्या अंगणात स्वस्त तिकीट विकायचं, याला मुक्त बाजार म्हणायचं का?

दूरचा प्रवासी :

फाटकवाले, बारा माणसांची गाडी चाललीच पाहिजे. पण तिचा खर्च मोठ्या मार्गाच्या तिकिटात लपवून का भरायचा? युरोपात त्यासाठी २००७ चा नियम आहे, क्रमांक १३७०. जी सेवा नफ्यात चालणार नाही पण समाजाला हवी, तिच्यासाठी सरकारने उघड करार करावा आणि उघड पैसे मोजावेत. मग त्या फाट्यावर किती खर्च होतो ते सगळ्यांना दिसतं, विधिमंडळात त्यावर बोलता येतं. लपलेलं अनुदान एक दिवस कोणालाही न सांगता बंद करता येतं.

खासगी कंपन्या फक्त मलईच्या मागे जातात, हेही सरसकट खरं नाही. इंग्लंडमधलं हल बघा. लंडनला थेट गाडी दिवसाला जेमतेम एक होती. सप्टेंबर २००० मध्ये ‘हल ट्रेन्स’ने, एक पेनीही अनुदान न घेता, थेट गाड्या सुरू केल्या आणि वाढवत नेल्या. संडरलंडला तर वर्षानुवर्षं थेट गाडी नव्हतीच, ती २००७ मध्ये ‘ग्रँड सेंट्रल’ने दिली. ही शहरं कोणाच्या डोळ्यांत भरणारी नव्हती. मोठ्या कंपनीच्या वेळापत्रकात त्यांना जागा नव्हती, छोट्या कंपनीला तिथे गिऱ्हाईक दिसलं.

शांभवी :

इंग्लंडचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. तिथे मी काही वर्षं राहिले आहे आणि या गाड्यांनी भरपूर हिंडले आहे. स्वस्त असतात, स्वच्छ असतात, कर्मचारी आपुलकीने वागतात, सगळं कबूल. माझा प्रश्न गाडी रद्द होते त्या दिवसाचा आहे.

हिवाळ्यात उत्तरेकडून लंडनला परतत होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिकिटावर छापलेलं होतं, ‘फक्त याच कंपनीच्या गाडीत वैध’. त्या कंपनीची दिवसातली शेवटची गाडी फलकावरून अचानक गेली. गाडीत बिघाड. समोरच्या फलाटावर दुसऱ्या कंपनीची लंडनचीच गाडी उभी, दिवे लागलेले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आम्ही वीसेक जण तिच्या दाराशी गेलो. गार्ड बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, तुमची तिकिटं घ्यायची परवानगी मला नियंत्रण कक्षाकडून आल्याशिवाय मी तुम्हाला बसवू शकत नाही. त्यांनी फोन लावला. माझ्या पुढे एक आजोबा होते, एक हात दाराच्या दांड्यावर, दुसऱ्या हातात पत्नीची पिशवी. गार्ड बाई कानाला फोन लावून एकदा घड्याळाकडे, एकदा आमच्याकडे बघत होत्या. वेळ झाली, त्यांनी आजोबांना हात काढायला सांगितलं, दारं लागली, गाडी गेली. परवानगी आली, पण गाडी गेल्यावर. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी आधीच पूर्ण भाड्याचं नवीन तिकीट काढून जागा धरली होती. बाकीचे राहिलो.

यात वाईट माणूस कोणीच नव्हता, म्हणून तर मला ते विसरता येत नाही. रूळ एक, स्थानक एक, दोन्ही गाड्या लंडनच्याच, तरी अडचणीच्या वेळी प्रवासी कोणाचाच नव्हता. सरकारी मक्तेदारीत सेवा कितीही गचाळ असली तरी तिकीट पुढच्या गाडीत चालतं. हा हक्क आपण स्वस्त भाड्याच्या बदल्यात विकतोय आणि विकताना आपल्याला कोणी सांगतही नाही.

जुना हिशेबनीस :

शांभवीताईंशी सहमत. मी हिशेबाच्या बाजूने लिहितो.

प्रवासी रेल्वे नुसत्या तिकिटांवर क्वचितच उभी राहते. अमेरिकेत सगळ्या लांब पल्ल्याच्या गाड्या खासगीच होत्या. १९६७ मध्ये टपालाची कंत्राटं हातची गेली आणि कंपन्यांचा जीव मेटाकुटीला आला. १ मे १९७१ ला सरकारी ‘अ‍ॅमट्रॅक’ सुरू झाली, तेव्हा बहुतेकांनी आपल्या प्रवासी गाड्या तिच्या हवाली केल्या. हिसकावून घ्याव्या लागल्या नाहीत.

आता फ्लोरिडाची ‘ब्राइटलाइन’. २०१८ मध्ये सुरू झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये मायामीहून ओरलँडोपर्यंत पोचली, सुमारे ३७८ किलोमीटर. देखणी गाडी, शेवटच्या टप्प्यात ताशी २०० किलोमीटर. पण प्रवासी अंदाजापेक्षा खूपच कमी आले, कर्ज अब्जावधी डॉलरचं, आणि २०२५ मध्ये रोख्यांवरचं व्याज पुढे ढकलायची वेळ आली. मायामी आणि वेस्ट पाम बीच यांच्या दरम्यान रोज कामावर जाणाऱ्यांनी या गाडीवर आयुष्य बेतलं होतं. कंपनीला लांबच्या प्रवाशाकडून जास्त पैसे मिळायला लागल्यावर जवळच्या माणसाचा मासिक पास गेला. कंपनीच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेल. पण ज्याने त्या पासच्या भरवशावर घर घेतलं, त्याने काय करायचं?

जर्मनीत ‘लोकोमोर’ डिसेंबर २०१६ मध्ये श्टुटगार्ट-बर्लिन सुरू झाली आणि मे २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे ती ‘फ्लिक्स’ने उचलली हे खरं, पण रेल्वे ही पाच महिन्यांची गोष्ट असून चालत नाही.

सिग्नल हिरवा :

सगळी चर्चा युरोप-अमेरिकेभोवती फिरतेय. जपान कुठे गेला? १ एप्रिल १९८७ ला सरकारी रेल्वेचे तुकडे करून सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतुकीची कंपनी काढली. त्या वेळी डोक्यावर ३७ लाख कोटी येनचं कर्ज होतं, संप आणि भाडेवाढ रोजच्या झाल्या होत्या. त्यानंतरची जपानी रेल्वे सगळं जग बघतंय. शिवाय किन्तेत्सु, ओदाक्यू यांसारख्या कंपन्या पहिल्यापासून खासगी. स्थानकावर दुकानं, रुळांच्या कडेने वसाहती, त्यातून पैसा. हिशेबनीस साहेब, तिकिटावर भागत नसेल तर रेल्वेने जमीनजुमल्याच्या धंद्यात उतरावं, त्यात गैर काय?

फाटकवाला :

हिरवे सिग्नल, तीच गोष्ट पुढे वाचा. होक्काइदो आणि शिकोकूच्या कंपन्या आजही सरकारच्याच मालकीच्या आहेत, कारण विरळ वस्तीत कोणी भागधारक मिळत नाही. २०१६ मध्ये होक्काइदोच्या कंपनीने जाहीर केलं की जवळपास निम्मे मार्ग आम्हाला एकट्याने सांभाळणं शक्य नाही. टोकियो-ओसाकाचा पैसा मात्र दुसऱ्या कंपनीच्या तिजोरीत.

आणि २५ एप्रिल २००५, आमागासाकी. आधीच्या स्थानकावर गाडी फलाटापुढे गेली, मागे घेताना दीड मिनिट उशीर झाला. तेवीस वर्षांचा चालक तो भरून काढायला निघाला. ताशी ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ११६ ने शिरली. चालकासह १०७ माणसं गेली. शेजारच्या खासगी रेल्वेशी चुरस होती म्हणून वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती, आणि उशीर करणाऱ्या चालकाला ‘पुनर्प्रशिक्षणा’च्या नावाखाली अपमान सोसावा लागायचा. तुमच्या स्पर्धेची किंमत कधी कधी तो पोरगा आणि त्याच्या मागे बसलेली माणसं भरतात.

दूरचा प्रवासी :

आमागासाकीवर मी वाद घालणार नाही, ते भयंकरच होतं. पण ती कंपनी रूळ, सिग्नल, गाडी सगळ्याची मालक होती, आणि त्या वळणावर गाडीचा वेग आपोआप रोखणारी यंत्रणा बसवलेली नव्हती. ब्रिटनमध्ये रूळच खासगी कंपनीला विकले, तेव्हा ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्डला भेगाळलेला रूळ तुटला, चार जण गेले, आणि वर्षभरात ती कंपनीच कोसळली. म्हणून तर मी पहिल्याच परिच्छेदात म्हटलं, रूळ आणि सिग्नल सरकारकडे. वेगावर यंत्राचा पहारा सरकारचा असला की कोणत्याही कंपनीचा चालक ती मर्यादा मोडू शकत नाही.

तोट्यात गेलेल्या कंपन्यांबद्दल म्हणाल, तर लोकोमोर बुडाली तेव्हा पैसा बुडाला तो गुंतवणूकदारांचा. सरकारी रेल्वे तोट्यात जाते तेव्हा जे कधी रेल्वेत बसत नाहीत त्यांचाही पैसा जातो.

शांभवीताई, तुमचा मुद्दा मात्र सगळ्यात जड आहे. त्यावर उपाय आहे. युरोपात ७ जून २०२३ पासून प्रवासी हक्कांचा नवा नियम लागू झाला. गाडी रद्द झाली आणि सुटायच्या वेळेपासून १०० मिनिटांत कंपनीने पर्याय सांगितला नाही, तर प्रवासी स्वतः दुसऱ्या कंपनीच्या रेल्वेचं किंवा बसचं तिकीट काढू शकतो, आणि पहिल्या कंपनीला तो खर्च द्यावा लागतो.

शांभवी :

१०० मिनिटं! अहो, शेवटची गाडी रात्री साडेनऊला रद्द झाली, तर १०० मिनिटांनी अकरा वाजून दहा मिनिटं होणार. तोपर्यंत बाकी कंपन्यांच्याही गाड्या गेलेल्या असतात आणि तिकीट खिडकी बंद असते. शिवाय आधी स्वतःच्या खिशातून भरायचं आणि मग परताव्यासाठी अर्ज करत बसायचं. त्या आजोबांनी हे कसं करायचं?

माझी मागणी लहान आहे. कोणत्याही कंपनीला वेळापत्रकात जागा देताना एक अट घाला: दिवसातली शेवटची गाडी रद्द झाली तर समोरच्या गाडीने प्रवाशाला बसवायचं, तिथल्या तिथे, फोन न लावता. पैशांचा हिशेब कंपन्यांनी नंतर आपसात करावा.

जुना हिशेबनीस :

हे करता येण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये कोणत्याही कंपनीच्या गाडीत चालणारी तिकिटं आहेतच, आणि त्यांचे पैसे कंपन्यांमध्ये वाटून देणारी संगणकीय पद्धत खासगीकरणाच्याही आधीपासूनची आहे. रद्द गाडीचा प्रवासी त्यातच नोंदवला की झालं.

दूरचा प्रवासी :

तत्त्वाला माझा विरोध नाही. पण वाटणीचा दर कोण ठरवणार? छोट्या कंपनीने वीस पौंडांत तिकीट विकलेलं असतं, मोठी कंपनी ऐंशी मागेल. चार वेळा गाडी रद्द झाली की छोटीचा महिना संपला. ही अट मोठ्यांच्या हातातलं हत्यार होईल आणि हलची थेट गाडी सगळ्यात आधी बंद पडेल. दर नियामकाने ठरवला, आणि तो छोट्या कंपनीच्या मूळ भाड्याच्या आसपास असला, तरच मी सही करेन.

शांभवी :

दर काहीही ठरवा. मात्र दार आधी उघडायचं आणि दराचं भांडण सकाळी करायचं, एवढं त्या अटीत पहिल्या ओळीत लिहा.