मदत हवी आहे: ऑरानंतर डोकं का दुखतं?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला ऑरासह मायग्रेन आहे, म्हणजे डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे काहीबाही दिसतं (तोच ऑरा). वाचताना एखादं अक्षरच गायब होतं, मग तिथे चमचमणारी नागमोडी रेघ उमटते आणि कडेकडेला सरकत मोठी होते. वीस-पंचवीस मिनिटांत ती विरते की अर्धं डोकं ठणकायला लागतं.

ऑराच्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने एक लाट सरकते आणि तिच्यामागे पेशी काही काळ गप्प होतात, एवढं वाचलं. ब्राझीलचे शास्त्रज्ञ लिआओ यांनी १९४४ मध्ये ती सशांच्या मेंदूत नोंदवली. रेघ का सरकते ते कळलं. पण मेंदूला स्वतःला तर वेदना नसते! दुखतात ती मेंदूची आवरणं, ट्रायजेमिनल नसेमार्फत (चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना नेणारी नस). मग लाटेची खबर तिथे पोचते कशी? २०२४ मध्ये उंदरांत दिसलं की लाटेनंतर सीजीआरपीसारखी, वेदना जागवणारी द्रव्यं मेंदूभोवतीच्या द्रवातून त्या नसेच्या गाठीपर्यंत (तिच्या पेशींच्या पुंजक्यापर्यंत) जातात. रेघ आणि डोकेदुखी यांच्या मधला वेळ याच प्रवासाचा का? आणि कधी नुसती रेघच दिसते, डोकं दुखतच नाही, ते कसं?

औषधं डॉक्टरांनी दिली आहेत, ती नकोत. दर वेळी ‘डोळे गेले’ म्हणून ती घाबरते, तिला नीट समजावायचंय. न्यूरोलॉजीतलं कुणी सोप्या शब्दांत सांगाल का?